निकिताचं मिथेनॉल

लोहारा गावच्या धोंडप्पाला गप्प बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. त्यात लेक धाराशिवच्या कॉलेजात संशोधन करते म्हटल्यावर तर विचारूच नका. हा धाराशिव-लोहारा जीप चालवायचा; माणूस बसला, की याची टकळी सुरू. "आमची निकिता धुरातनं पेट्रोल काढतीया. नुसत्या उजेडावर!"

निकिता बिचारी पेट्रोल काढत नव्हती. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात पिवळसर पावडर, वरून दिव्याचा प्रखर उजेड आणि खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, एवढाच तिचा संसार. पावडर उजेड पिते आणि त्या जोरावर वायूचं मिथेनॉल होतं, म्हणजे जळणारा द्रव. यंदाच्या उन्हाळ्यात ते इतकं भरघोस निघालं, की तिच्या मार्गदर्शक कृष्णराज सरांनी तिचा निबंध लगेच एका मासिकाकडं धाडला.

सगळं छान चाललं असताना हिला भलतीच हुक्की आली. भांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडलाच नाही, नुसता नायट्रोजन सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. आता मिथेनॉल यायलाच नको. पण आलं, आणि जवळजवळ तेवढंच आलं! म्हणजे आधीचं मिथेनॉलही वायूतून आलेलं नव्हतं.

कुठून आलं, हे ध्यानात यायला तिला वेळ लागला नाही. पावडर आधी धुवायला शुद्ध पाणी लागतं, आणि त्याची एक बाटली भरायला कॉलेजातलं यंत्र बादल्याच्या बादल्या पाणी गटारात सोडतं. उन्हाळ्यात तिथं टँकर येतो. पाणी असं वाहू द्यायला हात धजावणार कसा? म्हणून तिनं पावडर कपाटातल्या मिथेनॉलनंच धुऊन वाळवली होती. ते पावडरच्या बारीक भोकांत दडून बसायचं आणि पाण्यात पडलं की बाहेर यायचं. पाणी वाचवायला गेली आणि तोंडघशी पडली. पाण्यात लोळणाऱ्या गावाला ही चूक सुचलीसुद्धा नसती.

गप्प राहिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. तिनं सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण निबंध त्यांनी त्याच दिवशी परत मागवला. मग तिनं मन घट्ट करून यंत्र चालवलं आणि पावडर पाण्यानं धुतली. आता नायट्रोजनवर काहीच आलं नाही. कार्बन डायऑक्साइडवर आलं, ते मोजयंत्राला जेमतेम दिसेल एवढं.

वडिलांना, अप्पांना, कसं सांगायचं, याच घोरात ती घरी निघाली. नेमकी जीप अप्पांचीच मिळाली. गाडी सुटते न सुटते, तोच शेजारी बसलेल्या गल्लीतल्या इरम्मांनी विचारलं, "निकिता, कवा निगायचं गं तुजं पेट्रोल?"

"न्हाय निघायचं, मावशी. आधी जे निघालं ते खोटं होतं. माझीच चूक झाली."

धोंडप्पा लोहारा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि निकिताला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. माणसं उतरून गेल्यावर तो मागं वळला.

"चूक कुनी धरली? सरांनी?"

"मीच."

"कुनी इचारलं नसताना?"

"व्हय, अप्पा."

"मंग लोकास्नी सांगायजोगं हे होतं की गं! म्या खुळ्यावानी पेट्रोल पेट्रोल करत बसलो."

असं म्हणून त्यानं डोळे पुसले, जीपमधून उडी टाकली आणि पिशवी घेऊन निघालेल्या इरम्मांच्या मागं धावत सुटला. "इरम्माक्का, थांबा वो! पोरीचं खरं सांगायचं ऱ्हायलंच की!"