चार दवाखान्यांना एकच व्हिडिओ

मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजच्या मुली चार दवाखान्यांत काम शिकायला जातात. शहरातच कॅम्पात एक, शहापुरात एक, आणि पुढे हायवेला लागून संकेश्वर नि निपाणी. पूर्वी प्रत्येक ठिकाणी पहिले दोन दिवस ओरिएंटेशन असायचं. हात कसे धुवायचे, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं. चारही ठिकाणी तेच. चौथ्या दवाखान्यापर्यंत मुली जांभया देऊन देऊन अर्ध्या व्हायच्या.

म्हणून ठरलं की चारही दवाखान्यांचं मिळून एकच ओरिएंटेशन करायचं, तेही ऑनलाइन. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, शेवटी परीक्षा द्यायची, पास झाली की मुलगी कुठल्याही वॉर्डात उभं राहायला मोकळी. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगमध्ये मीच म्हणून गेले होते, "यात काय एवढं अवघड आहे?" तोंड आवरत नाही, ही माझी जुनी खोड.

अवघड काय ते चार दवाखान्यांच्या चार मेट्रन एका टेबलाशी बसवल्यावर कळलं. कॅम्पातल्या बाईंना पहिल्या व्हिडिओत पॉलिश केलेले बूट पाहिजेत. शहापूरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं चपला वॉर्डाच्या भाइर. बूट कशाला दाखवतासा?" निपाणीच्या बाईंना सगळं कन्नडमधूनबी पाहिजे होतं. संकेश्वरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरखाली गावलेली माणसं येत्यात. पायात काय घालायचं त्ये मागनं बघू." तीन महिने हे चाललं. शेवटी अकरा व्हिडिओ झाले. सगळ्यांत नर्स मीच, कारण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. खरं तर कुणाला मला फार आग्रहही करावा लागला नाही. चौघींनी सगळे बघितले, मान डोलावली, आणि मी घरी पेढे नेले.

पहिल्या तुकडीत खानापूरकडच्या शेतकरी घरातली एक मुलगी होती. अबोल, हलक्या हाताची, परीक्षेत पैकीच्या पैकी. तिला संकेश्वर मिळालं. चौथ्याच दिवशी तिथल्या मेट्रनबाईंचा फोन आला, "तुमची पोरगी न्या परत."

झालं होतं ते असं. एका आज्जींना इन्सुलिन द्यायचं होतं. सकाळी दोन खाटांची अदलाबदल झाली होती. ही दुसऱ्याच आज्जींपाशी गेली, वाकून पहिल्या आज्जींचं नाव घेतलं आणि विचारलं, "तुमीच न्हवं त्या?" आज्जी म्हणाल्या, "व्हय गं बाळ." सुई टोचणार तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टरनं हात धरला. या आज्जींना शुगर नव्हतीच. "मग व्हय कशाला म्हटलासा?" असं सिस्टर ओरडली, तर आज्जी म्हणाल्या, "पोरगी एवढ्या मायेनं इचारत हुती. न्हाय कसं म्हणू?"

आमच्या भागातली माणसं अशीच. म्हणून तर नियम आहे की पेशंटला आपण नाव सांगायचं नाही, त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

परत पाठवली तर मुलीचे ड्युटीचे तास कमी पडणार, परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाणार. आणि वर्ष गेलं तर घरी बसायचं, असं तिच्या वडलांनी ॲडमिशनच्या दिवशी माझ्यासमोरच बजावलं होतं. पण माझं डोकं तापलं होतं. फोनवर तिला फैलावर घेतलं. "व्हिडिओ बघितलास, का नुसता पुढं ढकललास?"

"बघितला मॅडम. तीनदा." एवढंच बोलली.

खोटं बोलते म्हणून पुरावा काढायला मी संध्याकाळी तो व्हिडिओ लावला. आमच्या कॉलेजातल्या मावशी पेशंट होऊन खाटेवर झोपल्या होत्या. मी वाकले, गोड आवाजात त्यांचं नाव घेतलं आणि विचारलं, "तुमीच न्हवं त्या?" मावशी म्हणाल्या, "व्हय."

वर्गात वीस वर्षं नियम सांगणारी मी, कॅमेऱ्यासमोर सवयीवर गेले होते. पूर्वी असली चूक एका वॉर्डात राहिली असती. मी ती चारही दवाखान्यांत सारख्या मापानं वाटली होती. आणि चारही मेट्रनना ती दिसली नव्हती, कारण त्याही असंच विचारतात.

व्हिडिओ गुपचूप बदलून टाकावा, असं मनात आलं. कुणाला कळलंही नसतं. तासभर मी तोच विचार करत बसले होते, हे सांगायला मला लाज वाटते.

सकाळची एसटी धरून संकेश्वर गाठलं. मुलगी भरलेली पिशवी घेऊन मेट्रनबाईंच्या दाराशी उभी होती. मी आत जाऊन टेबलावर मोबाईल ठेवला आणि म्हटलं, "हिनं मी शिकवलं तसंच केलं. चूक माझी आहे." बाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला. चष्मा काढून पुसला. "मीबी असंच इचारते की," असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग दाराकडं बघून, "पिशवी ठेव गं. ड्युटीवर जा."

बाहेर जिन्यापाशी मी तिला थांबवलं. "व्हिडिओत तसंच आहे, हे तुला ठाऊक होतं ना? मी एवढी बोलले, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

ती पुटपुटली, "तुमी एवढ्या हौसेनं केलता मॅडम. तुमास्नी चुकलंय म्हणून कसं सांगायचं?"

वर्ष जायची पाळी आली तरी ती गप्प राहिली होती. वीस वर्षं मी वर्गात फक्त "व्हय मॅडम" ऐकत आले होते, आणि त्यालाच शिस्त समजत होते.