न निघणारं चाक

नांदूरघाटहून बीडला निघताना मी सगळं तपासून घेते: ह्यांची फाइल, पाणी, जॅक, पाना, हवा भरलेली स्टेपनी. ह्यांचं डायलिसिस एकदाही चुकवून चालत नाही. त्यामुळे त्या दिवशी वाटेत गाडीचं पुढचं चाक पंक्चर झालं, तरी मी घाबरले नाही.

पण नट हलेना. आदल्या दिवशीच गॅरेजात हे चाक काढून बसवलं होतं. मेकॅनिकने नट आधी हाताने आट्यांवर न फिरवता तिरपेच लावले आणि पान्याच्या दांड्यावर उभं राहून उड्या मारल्या. अशा उड्या मारणारा आमच्याकडे पक्का कारागीर ठरतो. "ताई, आता यमाच्या बापालाबी हे चाक निघायचं न्हाई," तो म्हणाला होता.

मीही पान्यावर चढले. कट्कन आवाज होऊन बोल्टच तुटला. दुसराही तुटला. तिसरा नुसता गोल फिरू लागला. जुनं चाक निघेना, आणि निघालं असतं तरी स्टेपनी धरायला पुरेसे बोल्ट उरले नव्हते.

ह्यांचे पाय सुजले होते, धाप लागली होती. तरी आतून म्हणाले, "अगं, बापाला जमत न्हाई तर यमालाच बोलव. तसा तो निघालाच हाय."

"गप बसा हो!" मी ओरडले.

लांबून कांद्याचा टेम्पो येत होता. पाना दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. टेम्पो थांबेपर्यंत मी हलणार नव्हते.