डोक्यातली आवणी

दोन हजार बावीस साल, मी एकोणसत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, बाकी सगळं भाताच्या खाचरात शिकलो. त्या माघात मेंदूतली नस तुंबली आणि उजव्या अंगाला लकवा मारला. पाय महिन्याभरात उठला. हात मात्र लोंबकळत राहिला. बायको घास भरवायची. कोणी बघू नये म्हणून मी जेवताना दार लावून घ्यायचो.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नातीच्या वयाची डॉक्टरीण भेटली. म्हणाली, "बाबा, तुमच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करून शिरेतून तुमच्याच अंगात सोडायच्या. मेंदूची मोडतोड भरायला त्यांची मदत होते का, ते आम्ही तपासतोय. हात येईलच असं सांगत नाही. आणि व्यायाम रोज करायचा, नाहीतर हात आखडेल."

"कळलं," मी म्हटलं. "राबातलं रोप काढायचं, खाचरात लावायचं. आवणी."

ती हसली. "तसंच काहीसं."

पुढचं मी ऐकलंच नाय.

काम झालं, घरी निघालो. आसनगाव स्टेशनहून जीपमध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून नवरदेवासारखा ताठ बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, "हळू घे रे, रोपं तरंगतील."

"कुठली रोपं, बाबा?"

"डोक्यातली."

त्यानं आरशात दोनदा बघितलं, पण गाडी हळू घेतली.

आवणी झाली की आमच्याकडे खाचरात पाय टाकत नाय. रोप आधी मान टाकतं, मग जीव धरतं. म्हणून मी आठ दिवस उशीवरून डोकं हलवलं नाय. खाचरात पाणी हवं, म्हणून तांब्यावर तांब्या रिचवला.

"पाणी डोक्यात नाय जात," बायको म्हणाली. "परसात जातं. आणि परसात तुमाला मी नेते."

शहापूरच्या दवाखान्यातून व्यायामवाली ताई आली, तिला ओटीवरूनच परत पाठवली. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत बैल बघावा तसं गाव मला बघून जायचं. मी असा खूश, की पडल्या पडल्या एकटाच हसायचो.

आठव्या दिवशी बायको माझा हात धुवायला बसली, तर मूठ उघडेना. तिनं जोर लावला, मी कळवळलो. डॉक्टरीण म्हणाली होती ते आखडणं हेच. बायकोनं हात सोडला.

"अहो, चिखल न करता कडक रानात आवणी केलीत कधी?"

"नाय."

"मग हा हात म्हंजे कडक रान. नांगर घेऊन आलेलीला तुमी ओटीवरून हाकललीत."

"मला शेती शिकवतेस गो?"

"कोणीतरी शिकवायला हवी."

मला हसू फुटलं, मग तिलाही. दोघं पोट धरून हसलो. म्हणजे तिनं दोन्ही हातांनी धरलं, मी एकानं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं का, ते लिहीत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल खुंटीला टांगला आणि शेणव्याच्या थांब्यावरून शहापूरची पहिली एसटी धरली. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीला अजून कुलूप होतं. ताई येईपर्यंत पायरीवर बसलो आणि डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून सोडवत राहिलो.