पोलादी तबकडीचं ड्रॉइंग

चहा घेताय ना? मग कप जरा खाली ठेवा. हा किस्सा मी सांगायला लागलो की कुणाच्या ना कुणाच्या शर्टावर चहा सांडतोच. आता काय आणि कुठून सांगू! गाढवपणा माझा, आणि मी कोण? तर भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेला विद्वान!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात विद्यापीठात मी अर्धवाहकांवर संशोधन करत होतो. म्हणजे ज्यांच्यावर तुमचा ट्रान्झिस्टर चालतो ना, ते पदार्थ. काचेच्या पट्टीवर त्यांचा अगदी पातळ थर चढवायचा. त्यासाठी काचेची एक मोठी हंडी पोलादी तबकडीवर उपडी घालायची आणि आतली हवा पंपानं ओढून काढायची. हंडी आली, पंप आला. तबकडी नव्हती. आणि दहा दिवसांनी मुंबईच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे साहेब येणार होते. थर दाखवला तर कंपनी आमच्याबरोबर काम करणार, नाही तर राम राम!

आमचे सर म्हणाले, "उचगावला बापू मिस्त्रींकडे जा. ऑइल इंजिनाचे भाग करतात. हात सोन्याचा आहे."

गेलो. बापू म्हणजे पन्नाशीचे, खाकी हाफ पँट, कोपरापर्यंत ग्रीस. मी ड्रॉइंग पुढं केलं आणि विनाकारण भाषणच ठोकलं. "बापू, हे इंजिनाचं काम नाही. हे शास्त्र आहे. इथं केसाएवढी चूक चालत नाही!"

"व्हय की," बापू म्हणाले. "पर ह्ये अर्धवाहक म्हंजे काय ओ मास्तर?"

"तांब्यातून वीज सरळ जाते, लाकडातून जातच नाही. हे मधले. कधी जाऊ देतात, कधी नाही."

"म्हंजे मनात आलं तर काम करनार, न्हाय तर न्हाय. आमच्या जावयागत की!"

मी हसलोसुद्धा नाही. शास्त्रज्ञ ना मी!

दोन दिवसांनी विभागात फोन आला. पलीकडे लेथचा खडखडाट, त्यात बापूंचा आवाज. मला ऐकू आलं ते एवढंच, "मास्तर, तीसच न्हवं?"

ड्रॉइंगवर तबकडीची रुंदी तीस लिहिली होती. मी ओरडलो, "हो हो, तीसच!"

"आन् जाडी दोनच न्हवं?"

"दोनच! जरासुद्धा कमी नको!"

"लई हुतंय वो मास्तर!"

मला वाटलं, कामाचा कंटाळा करतायत. म्हटलं, "जास्त वाटत असेल, पण शास्त्राला लागतं!" आणि ऐटीत फोन ठेवला.

दोन दिवसांनी तबकडी आणायला सायकलवरून गेलो. कॅरिअरला गोणपाट बांधलेलं. बापूंनी सायकलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत सायकलीकडं बघितलं.

"ह्येच्यावरनं नेनार?"

"मग? दहा-बारा किलोची तर वस्तू!"

बापू मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. काय सांगू! तिथं बैलगाडीच्या चाकाची धाकटी बहीण म्हणावी अशी पोलादाची तबकडी पडली होती. आठ गडी लावल्याशिवाय हलणार नाही अशी. वर आरशासारखी चकचकीत. ती फिरवायला बापूंचं लेथ पुरेना, म्हणून शेजारच्या कारखान्यातलं मोठं लेथ मागून घेतलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढं मुंबईचे साहेब उभे राहिले. मी भडकलोच. "हे काय करून ठेवलंत? मी तीस सेंटिमीटर सांगितलं होतं! तुम्हाला माप कळतं की नाही?"

सगळी लेथं थांबली. कामगार बघायला लागले. बापूंनी शांतपणे हात पुसले, खिशातून ड्रॉइंग काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मास्तर, सेंटिमीटर कुटं लिवलंय, तेवढं दावा."

मी वरून बघितलं, खालून बघितलं, कागद उलटा करून बघितला. नुसतं तीस. नुसतं दोन. पुढं काही नाही!

"आमी सगळं इंचात करतो," बापू म्हणाले. "म्हनून तर फोन केल्ता. इचारलं, तीस इंच न्हवं? तुमी म्हनलासा, व्हय."

तीस इंच! आणि मी ऐकलं, तीसच! धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पण पायाखाली बापूंच्या शेडचा कोबा. तो कसला फाटतोय!

माझा चेहरा बघून बापू पुढं आले. म्हटलं, आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या. पण ते म्हणाले, "सायब कवा येनार?"

"पाच दिवसांनी," मी कसाबसा बोललो.

"मग रडताय कशापायी? च्या घ्या. परवा येऊन न्या."

हंगामाच्या इंजिनांची कामं बाजूला सारून त्या माणसानं दोन दिवसांत नवी तबकडी केली. वाया गेलेल्या पोलादाचं नाव काढलं नाही. वर, मला त्यांच्या कामगारांपुढं मान खाली घालून यायला लागू नये म्हणून, स्वतःच ती विद्यापीठात आणून बसवली. पंप सुरू केला, हवा ओसरली, दाबाचा काटा खाली उतरला आणि उतरून तिथंच राहिला. थर असा सुरेख चढला की सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती बापूंच्या पाठीवर मारली.

ठरल्या दिवशी साहेब आले. सरांनी बापूंनाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. थर पाहिला, खूश झाले. मग तबकडीवरून बोट फिरवत म्हणाले, "असं काम मुंबईतही सहज मिळत नाही. कुणी केलं?"

सरांनी बापूंना पुढं केलं. बापू चटकन म्हणाले, "आमी नुसतं कापलं सायब. ड्रॉइंग मास्तरांचं. लई झ्याक काढल्तं!"

एवढ्या तमाशानंतर हा माणूस मला झाकत होता!

साहेबांनी माझा हात हातात घेतला. "वा! मग आपलं एकत्र काम नक्की. आणि पुढच्या सगळ्या यंत्रांची ड्रॉइंगही तुम्हीच काढा."

आता मात्र बापूंचा धीर सुटला. ते घाईघाईनं आमच्या दोघांच्या मध्ये आले आणि हात जोडून म्हणाले, "सायब, मास्तरांस्नी बाकी कायबी द्या, पर तेवढं नगासा दिऊ. उचगावात एवढं लोखंड न्हाय!"