माळवद उतरवलं तो उन्हाळा

एसी नव्हता तेव्हा तुम्ही उन्हाळ्यात कसे राहत होता, असं तुम्ही नातवंडांनी परवा फोनवर हसत विचारलंत. तेव्हा मी उत्तर टाळलं. आता लिहून देते.

आपल्या घरावर माळवद होतं. सागाच्या तुळया, त्यांवर लाकडी चिपांचं किलचन, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊसकाळाआधी दरवर्षी नवी माती पसरून चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं. छताला सवणं, म्हणजे झाकण ठेवता येईल असं भोक असायचं. दिवसा ते झाकायचं, दारं लावून घ्यायची आणि जमिनीवर पाणी शिंपडायचं. संध्याकाळी सवणं उघडलं की कोंडलेली गरम हवा वर निघून जायची. वैशाखातही मधल्या खोलीत अंगावर धोतर ओढून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग तुमच्या चुलत काकाचं लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी अट घातली, घरावर स्लॅब पाहिजे. मातीच्या घरात मुलगी देणार नाही. आमच्याकडे आता मुली छत बघूनच देतात. माझ्या दिरांनी हिवाळ्यातच माळवद उतरवलं. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले तुमचे आजोबा तेव्हा पडवीत होते. उतरवू नको म्हणून त्यांनी भावाला एकदा सांगून बघितलं, पण धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न आपल्यामुळे अडलं असं त्यांना नको होतं. नव्या छताखाली खाट हलवली तेव्हा "दिसतंय झकास" एवढंच म्हणाले.

उन्हाळा लागला आणि खोली तव्यासारखी तापली. पंखा होता, पण लाईट दुपारीच जायची. परळीला वीज तयार होते, ती आमच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या पाठीला फोड आले. मी ओलं फडकं टाकायचे, ते बघता बघता वाळायचं. गावात सावली होती, पण माळवद उरलं होतं फक्त आपल्या गोठ्यावर. बैलांना स्लॅब लागत नाही.

गोठ्यात खाट टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "टाक. बैल तरी मला पाव्हणा समजणार न्हाईत."

तिथं पहिल्या दुपारी ते पोटभर जेवले. मास्तर होते तेव्हाच्या, शाळेतल्या मुलांच्या खोड्या सांगितल्या. आठवडाभर बरं चाललं. मग लग्नाआधी मुलीकडची मंडळी यायची ठरली आणि दीर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, दादा गोठ्यात दिसला तर लोक थुंकतील माझ्या तोंडावर. थोरल्या भावाला जनावरात टाकला म्हणतील."

"मग त्यांना विचारा."

त्यांनी विचारलं नाही. माणसं बोलावली आणि खाट उचलून दिवाणखान्यात आणून ठेवली. नवा सदरा घातला, टोपी घातली. पाहुणे आले, पाया पडले, "मास्तर, तब्येत सुधारली" म्हणाले. तुमचे आजोबा एका बाजूनं हसत राहिले. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता. तो पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. मी मधे जाऊन पुसला, तर दिरांनी डोळ्यांनी दटावलं.

जेवताना मुलीचे वडील उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "आमचं अजून माळवदच हाय. लई गार राहतं. स्लॅब आपलं लोकांना दाखवायला."

सगळे हसले. दीरही हसले.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, खाट परत न्या. माणसं दमली होती, भांडी उचलायची होती. "उद्या नेऊ, वहिनी," दीर म्हणाले. संध्याकाळी आजोबांना ताप चढला. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि हलवू नका म्हणून सांगितलं. त्याच खोलीत, त्याच छताखाली, ते तिसऱ्या दिवशी गेले.

वय झालं होतं, असं तुम्हाला कळवलं गेलं. वय झालं होतं, हे खरंच आहे. लग्न सुतकामुळे पुढे ढकललं आणि नंतर थाटात झालं. नवी सून उन्हाळा लागला की माहेरी जाते. इथं फार उकडतं म्हणते.