उजवीकडचा गुणी

काचेच्या दुकानात तिचा हात सगळ्यात सरळ. काचेवर रेघ ओढून टिचकी मारली की तुकडा अलगद सुटायचा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात तोच हात थरथरायला लागला. एका सकाळी तीन काचा वाया गेल्या. छाती धडधडायची, पोटात अन्न ठरत नव्हतं, आणि पोट तर सहाव्या महिन्याएवढं दिसत होतं.

"जुळं असणार!" सासूबाई हरखल्या.

डॉक्टरीणबाईंनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. डावीकडे बाळ, हात हलवणारं. उजवीकडे नुसतेच भुरभुरणारे पांढरे ठिपके.

"गर्भ दोन राहिले, पण दुसऱ्यात बाळ धरलंच नाही," बाई म्हणाल्या. "नुसती वार वाढतेय, द्राक्षांच्या घडासारखी. तुमची धडधड, थरथर, सगळं तिचंच काम. पुढे रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब चढू शकतो. मोकळं करून घ्यायचं का, हे तुम्ही ठरवा."

"आणि बाळ?"

"आत्ता तरी ठणठणीत आहे."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "ठेवायचं," तीच म्हणाली. मग औषधं आणि दर आठवड्याला तपासणी सुरू झाली.

सासूबाईंना सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही. त्या रोज तिच्या पोटावर हात ठेवायच्या. "डावीकडचा द्वाड आहे हो. उजवीकडचा बघ कसा गुणी, हूं नाही की चूं नाही!"

तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. उजवी बाजू हलत नव्हती, पण वाढत होती. बाळ बरगडीखाली अंग चोरून बसलेलं. आपण कूससुद्धा हळूच बदलतो, उजवीकडच्याला जाग येऊ नये म्हणून, हे तिच्या एक दिवस लक्षात आलं.

आठव्या महिन्याच्या तोंडावर रक्तदाब चढला आणि ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोची. रडली.

"दुसरं दाखवा," ती म्हणाली. नर्सने का-कू करत ट्रे कलता केला. शेकडो ओले, पारदर्शक फुगे, डोळ्यांसारखे चकाकणारे.

त्यानंतर दर आठवड्याला तिचं रक्त तपासत. रक्तात गर्भाची खूण असलेलं हार्मोन उतरत गेलं आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा चढलं. लेक पाळण्यात, आणि हिला परत मळमळ.

"त्या वारेचे कण आत राहिलेत," बाई म्हणाल्या. ते कण मारायची इंजेक्शनं सुरू झाली, त्या औषधामुळे अंगावर पाजणं बंद झालं.

ऑपरेशननंतर सासूबाईंना 'एकच वाचलं' एवढंच सांगितलं होतं; आता खरं सांगावंच लागलं. त्यांनी पाळण्यातल्या नातीचं दुपटं सारखं केलं. मग पुटपुटल्या, "मी रोज बोलायचे गं त्याच्याशी."

चौथ्या इंजेक्शननंतर रिपोर्ट निवळला. वर्षभर रक्त तपासायचं, मधे दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असं बजावून बाईंनी तिला सोडलं. बाहेर चार किलोची लेक भुकेने घसा फाडत होती, आणि नवरा पिशवीत बाटली शोधत होता.