इकतची मान्सं

गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजल्याचा वास आला, की मला भिंगारपलीकडच्या आमच्या शेतातला तो हिवाळा आठवतो. दिराने हुरडा पार्टी सुरू केली होती आणि मोबाईलवरच्या पेजवर गर्दी दिसावी म्हणून हजारो फॉलोअर्स विकत घेतले होते. आकडा ऐकून सासूबाई ज्वारीच्या वावराकडे बघू लागल्या. "एवढी मान्सं आली तर हुरडा पुरंल का रं?" दीर ओशाळून म्हणाला, "आई, ती खरी न्हाईत. इकत घेतल्यात." सासूबाई पोट धरून हसल्या. "इकतची मान्सं! आन् खऱ्यांना आवतन कुनी दिलं?" मग भाजलेली कणसं चोळून राखेने काळे झालेले हातांचे तळवे मोबाईलसमोर नाचवत त्याच म्हणाल्या, "आगटी पेटलीय, शेंगदान्याची चटनी वाटलीय. घरचं आवतन हाय, या!" दिराने तेवढाच व्हिडिओ पेजवर टाकला. पुढच्या रविवारी बांधाकडेला गाड्या मावेनात, आणि उतरणारा जो तो विचारत होता, "आवतन देणाऱ्या मावशी कुठायत?" दिराने ती विकतची गर्दी केव्हाच काढून टाकली. आता आकडा एवढासाच दिसतो, पण त्यातल्या प्रत्येकाचे तळवे एकदा तरी आमच्या राखेने काळे झालेत.